फटाक्यांचा स्टॉल उभा करण्याआधी विम्याची तयारी

गणपती गावाला गेले की फटाकेवाल्यांची लगबग सुरू होते. मैदान कुठलं मिळणार, शिवकाशीचा भाव काय निघाला, गाडी कधी येणार, याचे फोन दिवसभर चालू असतात. विम्यासाठी मला फोन येतो तो मात्र वसुबारसेच्या आदल्या दिवशी. तेव्हा बहुतेक वेळा मला नाही म्हणावं लागतं, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. फटाक्यांचं नाव काढलं की स्थानिक शाखा सहसा स्वतःहून होकार देत नाही, प्रस्ताव वरच्या कार्यालयात जातो आणि तिथे दिवस मोडतात. शिवाय प्रीमियम कंपनीकडे जमा झाल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही, कायदाच तसा आहे. म्हणून दसऱ्याच्या आत प्रस्ताव अर्ज माझ्या हातात द्या. माल उतरण्याच्या दिवसापासून पॉलिसी चालू झाली पाहिजे, विक्रीच्या पहिल्या दिवसापासून नव्हे.

अर्ज भरताना परवाना समोर ठेवा. परवान्यावर ज्याचं नाव, पॉलिसीवर त्याचंच नाव हवं. परवाना वडिलांच्या नावावर आणि पॉलिसी मुलाच्या, असला घोळ अजिबात नको. गाळा नंबर, मैदानाचा पत्ता, मुदत आणि किती किलो माल ठेवायला परवानगी आहे ते जसंच्या तसं उतरवा. परवान्यापेक्षा जास्त माल भरलात, तर वाद त्या जादा मालापुरता राहील असं धरून चालू नका. सगळा क्लेमच अडकू शकतो. तेच बंदी असलेल्या मालाचं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेरियमच्या क्षारांवर आणि फटाक्यांच्या माळांवर बंदी घातली. असा माल ठेवायचाच नाही.

किराणा किंवा स्टेशनरीचं दुकान असलेले लोक म्हणतात, ‘दुकानाचा विमा आहेच की, दिवाळीत पुढे दोन टेबलं टाकतो, एवढंच.’ इथे हात जोडून सांगतो, त्या विम्याच्या भरवशावर फटाके ठेवू नका. तो विमा किराण्याचा म्हणून दिलेला आहे. फटाके आले की जोखीम बदलते, आणि ते कंपनीला न कळवल्यास फटाक्यांबरोबर तुमच्या साखर-तेलाचं संरक्षणही जाऊ शकतं. अर्जात ‘फटाके’ हा शब्द स्पष्ट लिहा.

आता रक्कम. पेटीवरची छापील किंमत आणि तुमची खरेदी यात जमीन-अस्मानाचं अंतर असतं, आणि विमा खरेदीच्या किमतीवर चालतो. पण म्हणून प्रीमियम वाचवायला आकडा खाली ओढू नका. समजा स्टॉलवर आठ लाखांचा माल आहे, विमा चार लाखांचा काढलाय, आणि दोन लाखांचा माल जळाला. तुम्हाला वाटेल, दोन तर चारच्या आतच आहेत. पण विमा निम्म्याचा, म्हणून भरपाईही निम्मी, एक लाख. पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या छोट्या धंद्यांसाठी एप्रिल २०२१ पासून जी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसी आली, तिच्यात पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, त्यापुढे नाही. स्टॉल मालाने पूर्ण भरलेला असतो त्या दिवसाचा आकडा धरा. थोडा माल परवान्याच्या गोदामात आणि थोडा स्टॉलवर असेल, तर दोन्ही ठिकाणं एकाच रकमेत धरणारी फ्लोटर पॉलिसी मागा. मालावर बँकेचं कर्ज असेल तर बँकेचं नाव पॉलिसीत येईल आणि पैसे आधी तिकडे जातील, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

आगीच्या पॉलिसीत स्फोट धरलेला असतो. पण माल स्वतःहून तापून पेटला तर तो धोका प्रत्येक पॉलिसीत असतोच असं नाही, नसेल तर वेगळा मागून घ्यावा लागतो. फटाक्यांना तो घ्यावाच. आग लागल्यावर पळापळीत चोरीला गेलेला माल आणि गल्ल्यातली रोकड तुमच्या पॉलिसीत धरली आहे का, तेही बघा; रोकडीचा वेगळा विमाही असतो. ताडपत्री, बांबू, कापडाचा मांडव हे विम्याच्या भाषेत कच्चं बांधकाम. त्याला दर जास्त, आणि परतीच्या पावसाने भिजलेल्या मालाचं काय, हे आधी लेखी विचारून घ्या.

तसंही नियमाने शेड न पेटणाऱ्या साहित्याचीच हवी. दोन शेडमध्ये किमान तीन मीटर अंतर, तोंडं समोरासमोर नाहीत, एका जागी पन्नासपेक्षा जास्त दुकानं नाहीत, पन्नास मीटरच्या आत फटाके वाजवायचे नाहीत. दिवे भिंतीला किंवा छताला पक्के, लोंबती वायर नाही, आणि प्रत्येक रांगेला एक मेन स्विच. गेल्या वर्षी एका स्टॉलवर मी एक्स्टेन्शन बोर्ड सुतळीने पत्र्याला बांधलेला पाहिला. वायरचं वरचं आवरण पत्र्याच्या काठाला घासून पांढरं पडलं होतं आणि खाली भुईनळ्यांच्या पेट्या होत्या. मालकाला म्हटलं, आधी वायरमनला बोलवा, मग पॉलिसीचं बोलू. त्याने बोलावलंही. २९ ऑक्टोबर २०१६ ला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, तेव्हाच्या औरंगाबादला जिल्हा परिषद मैदानावर शंभराहून जास्त स्टॉल बघता बघता जळाले. तुमची वायर नीट असून भागत नाही, शेजाऱ्याचीही बघा.

आपल्यामुळे शेजाऱ्याचा गाळा, गिऱ्हाईक, बाहेर लावलेल्या गाड्या यांचं नुकसान झालं तर त्यासाठी सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी वेगळी असते. मालाच्या विम्यातून तो पैसा येत नाही. स्टॉलवरच्या माणसांसाठी कर्मचारी नुकसानभरपाईची पॉलिसी घ्या. दहा दिवसांसाठी आलेला पोरगाही त्यात बसवा, पेट्या उतरवणारा हमालही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बेंगळुरूजवळ अत्तिबेलेला फटाक्यांच्या दुकानात किमान १४ जण गेले. माल उतरवताना आग लागली होती, आणि गेलेल्यांत हंगामापुरते कामाला आलेले तरुण होते. या एका पॉलिसीच्या प्रीमियमवर माझ्याशी घासाघीस करू नका. अठरा वर्षांखालचं कोणीही स्टॉलवर नको, हातभार लावायला आलेला पुतण्यासुद्धा नाही.

कागदांचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच रडताना पाहिली आहेत. एका गिऱ्हाइकाने पॉलिसी वेळेत काढली होती, रक्कमही नीट होती. खरेदीची बिलं, बिल्टी म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, विक्रीची वही मात्र गल्ल्यात, आणि गल्ला स्टॉलमध्ये. नुकसान मोजायला आलेल्या सर्व्हेअरने विचारलं, माल किती होता? तो राखेकडे बोट दाखवून म्हणाला, ‘साहेब, छतापर्यंत भरलेला होता.’ एवढंच त्याच्याकडे होतं. म्हणून प्रत्येक बिलाचा आणि ई-वे बिलाचा फोटो घरच्या माणसाच्या मोबाईलवर रोज पाठवा. रात्री शटर ओढण्याआधी पेट्यांच्या थप्प्यांचा व्हिडिओ काढा आणि दिवसाची विक्री वहीतून उतरवून तीही पाठवा. पाच मिनिटांचं काम आहे.

आग लागलीच तर आधी माणसं बाहेर, मग अग्निशमन दल, मग कंपनीला फोन. पंचनामा आणि अग्निशमन दलाचा दाखला मागून घ्या. सर्व्हेअर येईपर्यंत राख हलवू नका. क्लेमचा लेखी अर्ज पॉलिसीत लिहिलेल्या मुदतीत द्यायचा असतो. कंपनीचं उत्तर पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या, आपल्या भागाच्या विमा लोकपालाकडे जाता येतं.

आणि पॉलिसीची शेवटची तारीख भाऊबीज ठेवू नका. शिल्लक पेट्या मोजून परवान्याच्या गोदामात किंवा व्यापाऱ्याकडे परत जाईपर्यंतचे दिवस तीत धरा. उरलेला माल घरी माळ्यावर चढवायचा नाही.