बाहेरची सेवा ॲपला जोडताना या चुका टाळा

नागपुरात बसून छोटे व्यापारी, ट्यूशन क्लास आणि दवाखाने यांच्यासाठी वेब ॲप्लिकेशन बनवणं हा माझा धंदा. "ॲप काल रात्रीपासून बंद पडलंय, बघता का जरा?" असे फोन आठवड्यात एक-दोन येतातच. उघडून बघितलं तर पोरांनी लिहिलेला कोड बहुतेक वेळा ठीक असतो. बिघडलेली असते ती बाहेरून आणून जोडलेली गोष्ट: एसएमएसची सेवा, नकाशा, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा), कुठलंसं पॅकेज (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड). आणि चुका त्याच त्या. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

खातं दुसऱ्याच्या नावावर

हे मला सगळ्यात जास्त छळलेलं प्रकरण आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

कळमन्याच्या बाजारात संत्र्याची अडत करणाऱ्या एका व्यापाऱ्यासाठी आम्ही हिशोबाचं ॲप केलं होतं. माल विकला गेला की हमाली, तोलाई वजा जाता हातात किती पडणार, याची पट्टी काटोल, नरखेड, वरुडकडच्या शेतकऱ्याला एसएमएसने जायची. भारतात असे संदेश पाठवायचे तर डीएलटीवर, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या नोंदवहीत, नोंदणी लागते. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2018 च्या नियमांतून आलेली ही व्यवस्था. आधी धंद्याची नोंदणी, मग सहा अक्षरांचा हेडर (पाठवणाऱ्याचं नाव म्हणून दिसतो तो), मग प्रत्येक संदेशाचा मसुदा मंजूर करून घ्यायचा. कागदपत्रं, पडताळणी, नाकारलेला मसुदा पुन्हा पाठवणं, यात दिवस जातात. हंगाम तोंडावर होता. एसएमएस विकणारा म्हणाला, "नोंदणीच्या भानगडीत कशाला पडता? आमच्याच हेडरवरून पाठवा, आज संध्याकाळी सुरू." आम्ही हो म्हणालो.

दोन हंगाम बरे गेले. तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरात, अंबिया बहाराचा माल ऐन भरात असताना, एका सकाळी संदेश जाणं थांबलं. विकणाऱ्याचा फोन बंद. हेडर त्याच्या नावावर, मसुदे त्याच्या नावावर, कुणाला काय गेलं याची नोंद त्याच्या पॅनेलमध्ये. आमच्या हातात होती फक्त एक बंद पडलेली एपीआयची किल्ली, म्हणजे आमच्या ॲपला त्याची सेवा वापरू देणारा गुप्त कोड. व्यापाऱ्याच्या नावाने नवी नोंदणी होईपर्यंत त्याची दोन मुलं रोज रात्री वही घेऊन शेतकऱ्यांना फोन करत बसायची. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला वाटलं, पैसे बुडवायला म्हणूनच पट्टी थांबवली. तो माणूस एसटीने कळमन्याला येऊन उभा राहिला. त्याला समजावताना मला जे वाटलं ते मी विसरलेलो नाही.

खरं तर डीएलटीची रचना आपल्याच सोयीची आहे. हेडर आणि मसुदे दूरसंचार कंपनीच्या नोंदवहीत धंद्याच्या नावावर असतात, एसएमएस विकणाऱ्याकडे नव्हे. नोंदणी स्वतःची असली की विकणारा बदलता येतो, आणि तेच हेडर, तेच मसुदे दुसऱ्याकडून चालतात. आम्ही आठ-दहा दिवस वाचवायला गेलो आणि हीच सोय घालवून बसलो.

आता माझी सवय ठरलेली आहे. डोमेन, क्लाउड, डीएलटी, गेटवे, नकाशा, सगळी खाती ग्राहकाच्या नावाने, त्याच्या ईमेलवर, त्याच्याच कार्डावर. मी त्यात फक्त एक वापरकर्ता. नोंदणी पूर्ण झाल्याशिवाय सुरू करण्याची तारीख देत नाही. "इतका वेळ काहून लागते जी?" असं ग्राहक विचारतात, तेव्हा मी त्यांना ही कळमन्याची गोष्ट सांगतो.

घाई केवढ्याला पडते ते सगळ्या देशाने एकदा बघितलं आहे. 8 मार्च 2021 ला डीएलटीवर मसुदा जुळवून बघण्याची सक्ती सुरू झाली आणि ज्यांची नोंदणी अर्धवट होती त्यांचे संदेश अडले. बँकांचे ओटीपीसुद्धा लोकांपर्यंत पोचेनात. शेवटी ट्रायला ती तपासणी काही दिवस थांबवावी लागली.

दर बघितला, पण मोजतात कसं ते बघितलं नाही

"एका एसएमएसला इतके पैसे" वाचून पोट्टे गुणाकार करून मोकळे होतात. एक एसएमएस म्हणजे किती अक्षरं, हे कोणी विचारत नाही. इंग्रजी लिपीतला साधा संदेश 160 अक्षरांचा. देवनागरीचं एक अक्षर जरी आलं तर मर्यादा 70 वर येते. संदेश त्याहून लांब झाला तर तुकडे पडतात, आणि प्रत्येक तुकड्यात 67 च अक्षरं मावतात, कारण तुकडे जोडायची माहितीही त्यातच बसवावी लागते. म्हणजे 150 अक्षरांचा मराठी संदेश तीन संदेशांच्या भावात जातो.

त्यात आपली लिपी. 'संत्र्याची' हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण अनुस्वार, दोन हलन्त, काना, वेलांटी सगळं वेगवेगळं मोजलं जातं आणि आकडा होतो 10. आमच्या पहिल्या बिलात नेमकं हेच झालं. व्यापाऱ्याने बिल समोर ठेवून विचारलं, "काहून जी, मेसेज हजार गेले न बिल तीन हजारांचं?" त्याचं बरोबर होतं. दराच्या पानावर सगळं लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

आणखी एक खाच. अख्खा संदेश इंग्रजीत आहे, पण रकमेपुढे रुपयाचं '₹' हे चिन्ह टाकलं, तरी मर्यादा 70 वर येते, कारण एसएमएसच्या मूळ अक्षरसंचात हे चिन्हच नाही. वर्डमधून उचललेल्या तिरक्या अवतरणचिन्हांचंही तेच.

तुटक इंग्रजीत पट्टी पाठवून पैसे वाचवा, असा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला. तो मी घेतला नाही. वरुडच्या शेतकऱ्याला त्याचा हिशोब त्याच्या भाषेतच कळला पाहिजे. आम्ही मसुदा कापत कापत 67 च्या दोन तुकड्यांत बसवला आणि तो खर्च आधीच ग्राहकाला सांगितला. पाठवण्याआधी अक्षरं आणि तुकडे मोजणारं एक छोटं फंक्शन तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रकल्पात असतं.

फुकट म्हणजे कायम, असं धरून चालणं

ॲपचा डेटा आणि सर्व्हर सांभाळणारी पार्स ही सेवा. फेसबुकने 2013 मध्ये पार्स विकत घेतलं, जानेवारी 2016 मध्ये बंद करत असल्याचं सांगितलं आणि जानेवारी 2017 मध्ये बंद केलं. एक वर्षाची मुदत मिळाली, सर्व्हरचा कोडही खुला केला, म्हणजे हा निरोप त्यातल्या त्यात सभ्य होता. ॲप ज्यावर चालवायला ठेवतात त्या हेरोकूची फुकट योजना 28 नोव्हेंबर 2022 ला संपली. गूगल मॅप्सने 2018 च्या जुलैपासून दररचना बदलली आणि नकाशा दाखवायलाही बिलिंग खातं सक्तीचं झालं. या कंपन्यांना मी दोष देत नाही, त्यांचा तो धंदा आहे. फुकटावर ग्राहकाचा धंदा उभा करणाऱ्या विकासकाला मात्र देतो.

सेवा निवडण्याआधी मी एक रविवार तिच्यातून बाहेर पडून बघण्यात घालवतो. खोटा डेटा भरायचा, सगळा एक्स्पोर्ट करायचा, तो आपल्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये चढतो का बघायचं. मग किल्ली काढून टाकायची आणि ॲप कुठे कुठे कोसळतं ते लिहून ठेवायचं. निघालेल्या फाइलमध्ये तारखा गायब असतील किंवा वापरकर्त्यांचे पासवर्ड हॅश (पासवर्डचं साठवलेलं सांकेतिक रूप) मिळत नसतील, तर ती सेवा मी लॉगिनसाठी घेत नाही. जाहिरात कितीही चकचकीत असो.

दुसऱ्याच्या सर्व्हरवरून स्क्रिप्ट ओढणं

पॉलिफिल डॉट आयओ हे उदाहरण पाठ करून ठेवा. जुन्या ब्राउझरांना नव्या सोयी पुरवणारी स्क्रिप्ट तिथून मिळायची, आणि ती ओढणारी एक ओळ हजारो साइट्सनी पानात चिकटवली होती. फेब्रुवारी 2024 मध्ये ते डोमेन दुसऱ्या कंपनीने विकत घेतलं आणि जूनमध्ये उघड झालं की त्या स्क्रिप्टमधून मोबाइलवरच्या लोकांना सट्ट्याच्या साइट्सकडे वळवलं जातंय. फटका बसलेल्या साइट्सचा आकडा एक लाखाच्या वर होता. त्यातल्या बहुतेकांना त्या स्क्रिप्टची गरज कधीच संपली होती, पण ओळ कोणी काढली नव्हती. फाइल आपल्याच सर्व्हरवर ठेवा. ठेवता येत नसेल तर आवृत्ती पक्की करून इंटिग्रिटी हॅश लावा, म्हणजे फाइल बदलली तर ब्राउझर ती चालवणार नाही.

दहा ओळींसाठी पॅकेज

मार्च 2016 मध्ये लेफ्ट-पॅड हे 11 ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातून, काढून घेतलं आणि बेबेल या लोकप्रिय साधनासकट असंख्य प्रकल्पांचे बिल्ड अडले. दहा ओळी स्वतः लिहा. लॉक फाइल (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास जपणाऱ्या साधनात, ठेवा, आणि सर्व्हरवर इन्स्टॉल करताना एनपीएम सीआय ही आज्ञा वापरा, ती त्या यादीतल्याच आवृत्त्या घेते.

मराठीत न तपासता घेतलेली साधनं

पुण्या-मुंबईचे विकासक असोत की आपले, डेमो बघतात तो इंग्रजीत. पीडीएफ बनवणाऱ्या एका लायब्ररीने आमच्या पावतीवर 'ऱ्या' फोडून ठेवला होता आणि 'कि'ची वेलांटी क च्या पुढे जाऊन बसली होती. फॉन्ट बदलून उपयोग झाला नाही, कारण जोडाक्षरं जुळवण्याचं काम त्या लायब्ररीत नव्हतंच. आता पावती एचटीएमएलमध्ये मांडतो आणि हेडलेस क्रोमकडून (खिडकी न उघडता चालणाऱ्या क्रोम ब्राउझरकडून) पीडीएफ काढून घेतो. सर्व्हरवर वजन पडतं, पण अक्षरं शाबूत राहतात. कुठलंही साधन आलं की मी पहिल्यांदा त्यात 'वऱ्हाडातल्या शेतकऱ्याची किर्द' असं काहीतरी टाकून बघतो.

नकाशाच्या सेवेचंही तसंच. नागपूरच्या बेसा, मनीषनगर, हुडकेश्वरकडचे पत्ते लेआउट, प्लॉट नंबर आणि 'मंदिराच्या मागे' अशा खुणांवर चालतात. आपल्या ग्राहकांचे खरे पन्नास पत्ते टाकून बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

पेमेंटमध्ये घाई

ब्राउझर 'यशस्वी' पानावर परत आला म्हणजे पैसे आले, असं समजून फीची पावती देणारे क्लास मी पाहिले आहेत. पैसे आल्याचं गेटवेच्या वेबहुकवरूनच (गेटवेने थेट आपल्या सर्व्हरला पाठवलेल्या निरोपावरूनच) धरा, तेही त्यावरची डिजिटल सही तपासून. तोच वेबहुक दोनदा येऊ शकतो, म्हणून त्याचा क्रमांक आधी नोंदवा आणि मगच पावती फाडा. दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे असतील तर गेटवे पहिल्या दिवशीच विचार करून निवडा, कारण नंतर बदलला तर एकेका ग्राहकाकडून पुन्हा मंजुरी घेत बसावं लागतं.

गुप्त किल्ली फ्रंटएंडमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये जाणाऱ्या कोडमध्ये, ठेवू नका. यावर जास्त लिहायची इच्छा नाही. गिटमध्ये चढलेली किल्ली फाइल खोडून जात नाही, ती रद्द करून नवीन घ्यावी लागते.

प्रत्येक सेवेला तिची स्वतंत्र एक फाइल द्या. ॲपमधल्या बाकी कोडला 'पट्टी पाठव' एवढंच माहीत असावं, कोणामार्फत ते नाही. कळमन्याच्या त्या ॲपमध्ये आम्ही नंतर हे केलं. मध्ये एकदा विकणारा बदलला, तेव्हा एकच फाइल बदलावी लागली. दुपारी जेवायच्या आधी काम झालं होतं आणि संध्याकाळच्या पट्ट्या वेळेवर गेल्या.