गोष्टीच्या शेवटचं 'म्हणून मुलांनो' खोडा

मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या आम्हा आज्यांना शेवटी 'म्हणून मुलांनो' लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. ते वाक्य सरळ खोडा. बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाचा १५वा अध्याय काढून बघा. तिथल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, पैसा उधळून परतलेल्या धाकट्यासाठी बाप घरात मेजवानी देतो, म्हणून थोरला भाऊ रुसून बाहेर उभा असतो, बाप त्याची समजूत काढतो आणि दाखला तिथेच संपतो. तो आत गेला का, हे प्रभू येशूने सांगितलेलंच नाही.

तुमच्या गोष्टीतल्या मुलालाही 'पश्चात्ताप झाला' असं लिहू नका. बहिणीची मोडलेली पेन्सिल टोक काढून त्याला गुपचूप तिच्या दप्तरात ठेवू द्या. मग खर्डा नातवंडाला मोठ्याने वाचून दाखवा. ते चुळबुळ करेल तिथे समासात खूण करा. 'आवडली का?' मात्र विचारू नका. आजीच्या तोंडावर कोण नाही म्हणणार!