डिपार्टमेंट मोडायचं असेल तर आधी किल्ल्या मोजा

मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि गेली अकरा वर्षं कॉलेजचं टाइमटेबल लावते. या दुसऱ्या कामाचा वेगळा पगार मिळत नाही, पण कॉलेज नेमकं कुठे अडतं ते याच कामात कळतं. २०२३ मध्ये पुण्यातल्या आमच्यासारख्या स्वायत्त कॉलेजांत नवीन शैक्षणिक धोरणाची पहिली बॅच आली आणि आमच्या प्राचार्यांनी विज्ञान शाखेतली सगळी डिपार्टमेंटं मिळून एकच ‘विज्ञान संकुल’ करायचं ठरवलं. कागदावर ते एका मीटिंगमध्ये झालं, चहा गार व्हायच्या आत. प्रत्यक्षात यायला दोन वर्षं गेली. आता इतर कॉलेजांतून फोन येतात, “मॅडम, तुमचा फॉरमॅट पाठवा ना.” फॉरमॅट असा काही नाही. कशाला हात लावायचा नाही आणि कुठून सुरुवात करायची, एवढं मात्र सांगता येईल.

हात लावायचा नाही तो विषयाला. अनुदानित कॉलेजात पद मंजूर होतं ते विषयाच्या नावाने, कार्यभार तपासला जातो तोही विषयाच्या नावाने. सरकारी तक्त्यात ‘विज्ञान संकुल’ असा रकानाच नसतो. स्वायत्त कॉलेज असलं तरी विषयाचं अभ्यासमंडळ, म्हणजे अभ्यासक्रम ठरवणारी समिती, लागतं आणि त्यात कुलगुरूंनी नेमलेला तज्ज्ञ बसतो. ते मोडायच्या भानगडीत पडू नका. मुलांच्या बाजूनेही तेच. नेट-सेटचा, म्हणजे प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षेचा, अर्ज विषय निवडूनच भरावा लागतो. आमच्या एका उत्साही सहकाऱ्यांनी गुणपत्रिकेवर मेजर, म्हणजे मुख्य, विषयाच्या जागी ‘जीव-रसायन प्रवाह’ छापावं असं सुचवलं होतं. परीक्षा विभागातल्या सीनियर क्लार्कने मान वर न करता विचारलं, “सर, हा पोरगा उद्या एमएस्सीच्या प्रवेशाला कुठल्या खिडकीपुढे उभा राहणार?” प्रस्ताव तिथेच निवर्तला.

मग मोडायचं काय? डिपार्टमेंट म्हणजे विषय आणि त्याला चिकटलेल्या चार गोष्टी: किल्ली, तास, पैसा आणि सही. या चार गोष्टी विषयापासून सोडवायच्या, आणि याच क्रमाने. आम्ही आधी सहीला हात घातला आणि सहा महिने नुसती भांडणं केली.

किल्लीचं महत्त्व मला मुठेच्या पाण्याने शिकवलं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रकल्पासाठी नदीत विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा होता. सकाळी एका तुकडीने विठ्ठलवाडीला पाणी भरायचं, दुसरीने संगमाजवळ. काठावरच बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घालायचं, बूच लावायचं, कॉलेजात येऊन आम्ल घालायचं आणि थायोसल्फेटने टायट्रेशन करायचं. यासाठी लागणाऱ्या ३०० मिलिलिटरच्या बीओडी बाटल्या प्राणिशास्त्राच्या कपाटात, थायोसल्फेट रसायनशास्त्राच्या, आणि शेवाळ बघायला लागणारा बरा मायक्रोस्कोप माझ्या. तीन कपाटं, तीन किल्ल्या, तीन माणसं. त्यातलं एक माणूस त्या दिवशी अचानक रजेवर, किल्ली त्यांच्या पर्समध्ये आणि पर्स सांगलीला. पोरं टेबलावर बाटल्या मांडून बसली. पाण्यात ऑक्सिजन असला की तळाशी तपकिरी साका बसतो. विठ्ठलवाडीच्या बाटलीत तो फिकट तपकिरी होता, संगमाच्या बाटलीत जवळजवळ पांढरा. म्हणजे उत्तर डोळ्यांसमोर होतं, आकडा तेवढा कुलपात होता.

माझ्याही कपाटावर पाटी होती हे कबूल केलं पाहिजे: ‘येथील साहित्य इतर विभागांनी मागू नये. नकार देताना आम्हालाही त्रास होतो.’ पाटी मीच लिहिलेली, बोरूने.

तर पहिलं काम म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत सगळा डेडस्टॉक, म्हणजे रजिस्टरवर चढवलेलं टिकाऊ सामान, मोजणे. प्रत्येक लॅबमध्ये दोन माणसं ठेवा: एक त्याच विषयाचं, एक परकं. परकं माणूस नसेल तर मोजणी होत नाही, आठवणी निघतात. नवीन रजिस्टर काढायचा मोह टाळा. वस्तूंवर रंगवलेले जुने नंबर तसेच ठेवा, जुन्या नोंदीपुढे हस्तांतराची नोंद करा, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही घ्या, वर प्राचार्यांची. हे केलं नाही तर तीन वर्षांनी ऑडिटर एका तराजूसाठी तुम्हाला अर्धा दिवस उभं करतो. आमच्याकडे मोजणीला एकोणीस दिवस लागले. रजिस्टरमध्ये नसलेले चार मायक्रोस्कोप सापडले आणि रजिस्टरमध्ये असलेले दोन सापडले नाहीत. कोणाला काही विचारलं नाही, निर्लेखनाचा, म्हणजे नोंद रजिस्टरमधून काढून टाकायचा, प्रस्ताव केला.

मग कार्यालयाशेजारच्या भिंतीवर एक लाकडी बोर्ड, बोर्डावर खिळे, खिळ्यांवर नंबर, आणि खाली दोरीला बांधलेली वही: किल्ली कोणी नेली, किती वाजता, परत कधी. ही वही लॅब असिस्टंटच्या ताब्यात द्या, प्राध्यापकांच्या नको. आमचे मामा कोणाचीही भीड ठेवत नाहीत. एक अपवाद मात्र ठेवा. आम्लं, विषारी रसायनं आणि गॅसची जोडणी यांची किल्ली रसायनशास्त्राच्या प्रशिक्षित माणसाकडेच राहिली पाहिजे. समतेच्या नावाखाली पोटॅशियम सायनाइड सगळ्यांना खुलं करायचं नसतं.

दुसरी गोष्ट तासांची, म्हणजे माझ्या घरची. पूर्वी प्रत्येक डिपार्टमेंट आपलं टाइमटेबल भरून पाठवायचं आणि मी ती गोधडी शिवायचे. संकुलात उलट करावं लागतं. आधी सामायिक तास खिळ्यासारखे ठोका: मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (खुला ऐच्छिक विषय), भाषेचा तास. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यायचा असल्यामुळे कला आणि वाणिज्यच्या टाइमटेबलवाल्यांना त्याच दिवशी शेजारी बसवा, फोनवर हे होत नाही. त्यानंतर प्रॅक्टिकल. हिशेब सोपा आहे: थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३०. म्हणजे दोन क्रेडिटच्या प्रॅक्टिकलला सत्रात ६० तास, पंधरा आठवडे धरले तर आठवड्याला चार तास, आणि तेही दर बॅचला. लॅब पाच आणि बॅच अठरा असल्या की जागा आपोआप दिसते, किंवा नाही हे तरी दिसतं. मेजरची लेक्चरं सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत. याच्यावर सीनियर लोक चिडतात, कारण आजवर त्यांचं लेक्चर साडेनऊला असायचं आणि बाकीचं जग त्याभोवती फिरायचं. चिडू द्या. पण शनिवार दुपार कोणालाही देऊ नका, तेवढी माणुसकी ठेवा.

आठवड्यातून एक अर्धा दिवस, आमच्याकडे गुरुवारचा, पूर्ण रिकामा ठेवायचा. तो प्रकल्पगटांचा. मुठेचा गट, टेकडीवरच्या झाडांचा गट, दुधातल्या भेसळीचा गट. गटात दोन-तीन विषयांचे शिक्षक असतात. हा अर्धा दिवस नसेल तर संकुल म्हणजे नुसती दारावरची पाटी.

पैशाबद्दल थोडक्यात. पहिल्या वर्षी कोणत्याही लॅबला गेल्या वर्षीपेक्षा एक रुपयाही कमी देऊ नका. वाढीव रक्कम असेल तेवढीच सामायिक ठेवा. दुसऱ्या वर्षापासून बॅचच्या संख्येवर वाटा. घाई केली तर ३१ मार्चच्या आधी प्रत्येकजण काचेच्या नळ्या विकत घेऊन कपाटं भरतो.

आता सही. एच.ओ.डी., म्हणजे विभागप्रमुख, गेले, मग रजा कोण मंजूर करणार? सीएएसच्या, म्हणजे शिक्षकांच्या पदोन्नतीच्या, फाइलवर पहिली सही कोणाची? पदोन्नती म्हणजे माणसाच्या पगाराचा आणि पेन्शनचा प्रश्न, तिथे ‘बघू पुढे’ चालत नाही. संकुल सुरू व्हायच्या आधी हे लेखी हवं. आम्ही दर दहा-बारा शिक्षकांमागे एक समन्वयक नेमला, दोन वर्षांसाठी, पाळीपाळीने. रजा आणि सीएएस त्यांच्याकडे. अभ्यासमंडळाचं काम विषयातल्या ज्येष्ठांकडेच ठेवलं. ती खुर्ची त्यांची आहे आणि त्यांना ती शोभते.

दोन शिक्षक एका वर्गात उभे राहिले तर तास कोणाचा, हा त्यातला सगळ्यात नाजूक मुद्दा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि सहयोगी व प्राध्यापकांना १४. सामायिक शिकवणीत दोघांनाही पूर्ण तास लावला की बाहेरचा तपासणारा विचारतो, एका वर्गाचे दोन तास कसे? आम्ही विषयांश वाटून घेतले: पहिले सात आठवडे कागदावर एकाचे, पुढचे आठ दुसऱ्याचे. प्रत्यक्षात दोघंही सगळे आठवडे येतात. येतात, कारण एकमेकांचं ऐकायला त्यांना आवडायला लागलं आहे. रसायनशास्त्राचे सर चाळिशीनंतर पहिल्यांदा पेशी बघून गेले आणि मुलांसारखे दोनदा रांगेत उभे राहिले.

मीटिंगमध्ये कोणीतरी बाहेरची उदाहरणं काढतंच. अमेरिकेतल्या एव्हरग्रीन स्टेट कॉलेजात १९७१ पासून शिक्षकांची जोडगोळी किंवा गट मिळून पूर्णवेळ कार्यक्रम शिकवतात, डिपार्टमेंटं नाहीतच. इंग्लंडच्या ससेक्सने १९६१ मध्ये स्कूलची, म्हणजे अनेक विषय एकत्र ठेवणारी, रचना घेऊन सुरुवात केली. अॅरिझोना स्टेटने २००६ मध्ये भूशास्त्राचं डिपार्टमेंट आणि भौतिकशास्त्रातले खगोलवाले मिळून पृथ्वी आणि अवकाशाचं एक स्कूल केलं. वाचायला छान आहे. पण पहिल्या दोघांनी मोकळ्या प्लॉटवर घर बांधलं. आपण राहत्या वाड्यातल्या भिंती पाडतोय, आणि कुठली भिंत वजन पेलते आहे ते पाडल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडच्या जेएनयूतही स्कूलच्या पोटात सेंटरं आहेतच. विषय कुठेतरी बसायला जागा मागतो.

ज्याची मला अजिबात कल्पना नव्हती ती अडचण चहाची निघाली. प्रत्येक डिपार्टमेंटची चहाची वर्गणी वेगळी, साखरेचं प्रमाण वेगळं, आणि भौतिकशास्त्राची स्वतःची इलेक्ट्रिक किटली. एच.ओ.डी.ची केबिन काढून सगळ्यांची स्टाफरूम केली तेव्हा खुर्च्यांवरून कोणी बोललं नाही. भांडण झालं ते वर्गणीवरून. शेवटी बिनसाखरेवाल्यांना दहा रुपये कमी, असा ठराव इतिवृत्तात नोंदवून मंजूर करावा लागला. किटली आली, पण भौतिकशास्त्राच्या मॅडम ती संध्याकाळी आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवतात.

किल्ल्यांच्या बोर्डावर एकसष्ट खिळे आहेत. साठ किल्ल्या लागल्या. सदतिसावा खिळा रिकामा आहे. ती किल्ली स्लाइड्सच्या कपाटाची, जे आमच्या एका ज्येष्ठ सरांनी तीस वर्षं जमवलं आहे. ते पुढच्या मे महिन्यात निवृत्त होतात. मामांनी दोनदा आठवण करून दिली. मी म्हटलं, मामा, तो खिळा असाच राहू दे.