गोठ्यात पाण्याचं बारीक धुकं उडवणारा फॉगर बसवायच्या आधी हे मोजून बघा

आमचा गोठा रत्नागिरीकडे आणि मामेभावाचा यवतमाळला. मे महिन्यात फोन केला की तो म्हणणार, आमच्याकडे ४० आहे, तुमच्याकडे ३४ म्हणजे तुमची जनावरं मजेत असतील. तसं अजिबात नसतं. अंगावरचं पाणी सुकतं तेव्हा अंग गार होतं, घाम असो की पाइपने मारलेलं पाणी, आणि हवेतच ओल भरलेली असली की ते सुकत नाही, नुसतं निथळत राहतं.

हे घरच्या घरी मोजता येतं. भिंतीवर टांगायचे दोन साधे काचेचे थर्मामीटर घ्या (ताप बघायचे नकोत), एकाच्या खालच्या फुग्याला सुती कापडाची पट्टी गुंडाळून पट्टीचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडा. दोन्ही गोठ्यात सावलीला, गाईच्या पाठीच्या उंचीवर टांगा, पुठ्ठ्याने पाचेक मिनिटं वारा घाला आणि वाचा. दोन्ही आकड्यांची बेरीज करा, तिला ०.७२ ने गुणा आणि त्यात ४०.६ मिळवा. उत्तर ७२ च्या वर गेलं की दुभत्या संकरित गाईला त्रास सुरू होतो.

आता भावाकडे कोरडा थर्मामीटर ४० आणि ओल्या पट्टीचा २२, आमच्याकडे ३४ आणि २८. दोन्हीकडे बेरीज ६२, उत्तर ८५ च्या पुढे, म्हणजे त्रास सारखाच! पण उपाय सारखा नाही आणि मी चुकलो तो इथेच. त्याच्या दोन आकड्यांत १८ चा फरक आहे, म्हणजे हवा अजून भरपूर पाणी शोषू शकते, तिथे फॉगर, वाऱ्याच्या बाजूला ओली गोणपाटं, घरात कूलर, सगळं चालतं. आमच्याकडे फरक फक्त ६. त्याचं बघून मी पण फॉगर बसवला, पडदे लावले आणि दुपारी गोठ्यात गेलो तर एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन, जास्त दुधाची विदेशी जात) गाय मान पुढे ताणून तोंड उघडं टाकून उभी, लाळेची तार गव्हाणीपर्यंत लोंबलेली, कूस भात्यासारखी हलतेय. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केले तर श्वास ८४. ६० च्या वर गेले तरी काळजी करायची असते.

दमट भागात आधी वारा लागतो. पडदे काढा, पंखे लावा, मग पाइपने पाणी असं मारा की केसांखालची कातडी भिजली पाहिजे, एक-दोन मिनिटं, मग पाणी बंद आणि दहा-पंधरा मिनिटं नुसता पंखा, परत पाणी. धुकं केसांवरच बसतं त्याचा उपयोग नाही. म्हशीची कातडी काळी, घामाच्या ग्रंथी कमी, तिला डुंबायला मिळालं तर सगळ्यात बरं, उन्हाळ्यात तिचा माज मुका राहतो (माजावर येते पण लक्षणं दिसत नाहीत) त्याचं एक कारण हा ताण पण आहे.

पत्र्यावर पाचट किंवा पेंढा टाका. वैरण पहाटे आणि रात्री द्या कारण पचनाची पण उष्णता होते. पाणी सावलीत आणि कायम समोर, दुभती गाय दिवसाला ८०-१०० लिटर सहज पिते.

आणि धार काढणाऱ्या माणसाकडे पण बघा हो, त्याच गोठ्यात तोही वाकून बसलेला असतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला भर उन्हातल्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं गेली तेव्हा पारा ३८ च्या आसपासच होता. जड कामं सकाळी नऊच्या आत उरका, मधेमधे लिंबू-मीठ-साखरेचं पाणी प्या. कोणी असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलेलं आहे, तोल जातोय, तर घाम येतोय का बघत बसू नका, दमट हवेत उष्माघात झालेल्याचं अंग ओलंही असू शकतं. लगेच सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.