भोपळ्याच्या कळ्या गळायच्या थांबल्या त्या अशा

रंकाळ्याजवळ आमच्या गच्चीवर पिंपात लाल भोपळा लावलाय. वेल जोरात, फुलं भरपूर. पण मादी फुलाखालचं लिंबाएवढं फळ पिवळं पडून गळायचं. टॉनिक घालून झालं, फरक शून्य. दुखणं खताचं नव्हतंच, पराग पोचत नव्हते. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. तेवढ्यातच मधमाशी यायला हवी.

तातडीचा उपाय सोपा. सकाळी नर फूल तोडायचं (त्याच्याखाली फळ नसतं, नुसता लांब देठ), पाकळ्या काढायच्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलात हलकेच फिरवायचा. फळं धरली. पण रोज हे करणार कोण?

म्हणून मधमाश्या याव्यात यासाठी तुळस आणि सब्जाच्या मंजिऱ्या खुडणं थांबवलं. आईला पटेना; मंजिऱ्या ठेवल्या की तुळस वाळते म्हणाली. खरंच आहे ते. मग अर्ध्या कुंड्या तिच्या, अर्ध्या माश्यांच्या! आधी इवल्याशा फुलोरी मधमाश्या आल्या, मागून सातेरी जातीच्या. झेंडू एकेरी पाकळ्यांचाच लावला, गच्च फुलात माशीला फारसं काही मिळत नाही. शेजारच्या काकांना औषध सकाळी न मारता संध्याकाळी मारायला सांगितलं, त्यांनी ऐकलं.

वांग्याची तऱ्हा वेगळी. तिथं निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला लटकून घुमते आणि त्या थरथरीनं पराग झडतात. मधमाशीला ते जमत नाही.

जुलैच्या झडीत मात्र माश्या बाहेर पडत नाहीत. तेव्हा भोपळ्याला पुन्हा आपलाच हात.