जुन्या जीन्सचा चेनवाला पाऊच, कोपरे न फुगवता

जुन्या कापडातून काहीही शिवता येतं, असं सांगणाऱ्यांनी आपले पाऊच रोज वापरून बघितलेले नसतात. विरलेलं कापड पाऊच झालं म्हणून दणकट होत नाही. जीन्सचे गुडघे आणि मांड्यांची आतली बाजू सरळ टाकून द्या. पोटरीमागचा भाग सहसा धडधाकट असतो. शंका आली तर तुकडा उजेडासमोर धरा. कुठेही झिरझिरीत दिसला तर तो अस्तरालाही नको. ताणणारी जीन्स आणि टीशर्ट यांना चेन लावायच्या भानगडीत पडू नका, चेन लाटेसारखी वरखाली होते. अस्तरासाठी सुती शर्टाची पाठ उत्तम.

जीन्सचे दोन आणि अस्तराचे दोन तुकडे कापा, प्रत्येक 24 सेंमी रुंद, 18 सेंमी उंच. यात चारी बाजूंना 1 सेंमी शिलाईसाठी धरलेला आहे. धागा पॉलिस्टरचा आणि सुई 14 नंबरची. जीन्स फार जाड असेल तर 16 नंबरची. चेन नायलॉनची घ्या. जुन्या पँटची धातूची चेन काढून वापरण्याचा मोह होतो, पण तिच्या दातांवर सुई पडली की मोडलीच.

आता चेनची टोकं. पाऊच बिघडतो तो इथेच, आणि बहुतेक जण ही पायरी एका ओळीत उरकतात. चेन कापडाइतकीच लांब ठेवली की तिची टोकं बाजूच्या शिवणीत अडकतात. मग पाऊच सुलट केल्यावर वरच्या दोन्ही कोपऱ्यांत गाठ बसते. बोटाने, पेन्सिलीने, कात्रीच्या टोकाने कितीही ढकला, कोपरा बाहेर येत नाही. मीही बरेच दिवस दोष मशीनला देत होते. ‘लांब चेन लावा, उरलेली कापून टाका’ या सल्ल्याने नायलॉनच्या चेनवर सुई वाचते, पण कोपऱ्यातली जाडी तिथेच राहते.

उपाय असा: चेन 21 सेंमी ठेवा. कापून लहान केली असेल तर उघड्या टोकाला हाताने चार घट्ट टाके घाला, नाहीतर रनर हातात येईल. अस्तराच्या पातळ कापडाच्या दोन पट्ट्या घ्या, 8 सेंमी लांब, 3 सेंमी रुंद. पट्टीची दोन्ही टोकं मध्यावर दुमडा, मग पट्टी पुन्हा अर्ध्यात दुमडून इस्त्री फिरवा. दोन दुमडींच्या मध्ये चेनचं टोक अर्धा सेंमी सरकवा आणि त्यावरून टीप मारा. दुसऱ्या टोकालाही तेच. आता एकूण लांबी बरोबर 24 सेंमी भरते, आणि बाजूच्या शिवणीत चेन नव्हे, फक्त पातळ कापड येतं. या टोप्या जीन्सच्या करू नका. दिसायला छान दिसतात, पण ज्या जाडीतून सुटायचं होतं तीच परत येते.

पुढचं सोपं आहे. जीन्स सुलट बाजू वर, त्यावर चेन पालथी, त्यावर अस्तर पालथं. तिन्हींच्या कडा जुळवून टीप मारा. रनर आड आला की सुई कापडात खाली ठेवा, मशीनचा पाय उचला, रनर मागे सरकवा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग दोन्ही कापडं चेनपासून उलटी फिरवून इस्त्री करा आणि कडेपासून 3 मिमीवर वरून टीप मारा. ही टीप टाळलीत तर अस्तर रनरमध्ये अडकत राहील.

यानंतर चेन अर्धी उघडा. बंद राहिली तर पाऊच सुलट करायला वाटच उरत नाही. जीन्सवर जीन्स, अस्तरावर अस्तर, सुलट बाजू आत. चेनचे दात अस्तराच्या दिशेने वळवा आणि चारी बाजू शिवा. अस्तराच्या तळाशी 8 सेंमी मोकळे सोडा. जीन्सचे खालचे कोपरे तिरके छाटा, पण टाक्याच्या 2 मिमी आधी थांबा. जुन्या जीन्सचे धागे लगेच निसटतात.

मोकळ्या जागेतून पाऊच सुलट करा, कोपरे बोथट काडीने बाहेर काढा, मग ती जागा काठालगत टीप मारून बंद करा. ती आत जाते, त्यामुळे हाताने लपवून शिवण्यात वेळ घालवू नका.