बायबलची गोष्ट एकट्यानं उभी करताना

इंदुरात एकपात्री करणारी नवी मुलंमुली भेटतात, तेव्हा बायबल म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात क्रूसावरचा येशूच असतो. मी त्यांना आधी योनाकडे वळवते. 4 अध्याय, 48 वचनं. देवाचं काम टाळून पळालेला संदेष्टा, समुद्रातलं वादळ, मासा, निनवे शहर आणि शेवटी रुसून बसलेला माणूस. अर्ध्यापाऊण तासाच्या प्रयोगाला याहून बांधीव गोष्ट शोधून सापडणार नाही. शेवटी तर नटाचा कसच लागतो. ज्या शहरात 1,20,000 हून जास्त अजाण माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं आहेत, त्याची मला कीव येऊ नये का, असं देव विचारतो आणि पुस्तक तिथेच थांबतं. योनाचं उत्तर लिहिलेलंच नाही. तुम्हीही देऊ नका. प्रश्न विचारा आणि दिवे घालवा.

या गोष्टी मुळातच फार कमी बोलतात, आणि नव्या नटाची धडपड असते ती सगळ्या मोकळ्या जागा शब्दांनी भरून टाकण्याची. बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याचा 22वा अध्याय घ्या. अब्राहाम देवाच्या सांगण्यावरून मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला निघतो. तिसऱ्या दिवशी त्याला ती जागा दुरून दिसते. त्या वाटेवर बापाच्या मनात काय चाललं होतं, याबद्दल एक शब्द नाही. हमखास इथेच कुणीतरी आक्रोश करणारं स्वगत घालतं. कृपा करून घालू नका.

त्याऐवजी काय आहे ते बघा. लाकडं मुलाच्या पाठीवर, विस्तव आणि सुरा बापाच्या हातात. ते दोघे बरोबर चालत गेले, असं वाक्य दोनदा येतं. एकदा मुलानं विचारण्याआधी, एकदा नंतर. मुलगा विचारतो ते अगदी साधं: विस्तव आहे, लाकडं आहेत, मग कोकरू कुठाय? मी हा प्रसंग करते तेव्हा सुऱ्याचा हात अंगापासून थोडा दूर असतो, कोणताही बाप लेकराला लागू नये म्हणून धरील तसा. उत्तर देऊन झाल्यावर तीच चाल, तोच वेग. फक्त तो हात आणखी वीतभर बाहेर जातो. बस्स. तालमीत हा एवढा तुकडा आठवडाभर घोटायची तयारी हवी.

दुसरं, गोष्ट कोण सांगतंय ते आधी ठरवा. येशूची भूमिका स्वतः करण्याच्या मी विरोधात आहे. पांढरा झगा आणि दाढी लावली की प्रेक्षक तुमच्याकडे बघतो, गोष्टीकडे नाही. येशूला भेटलेलं माणूस उभं करा. येशूला पकडल्यावर त्याचा शिष्य पेत्र भीतीनं ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणतो. हा नकार मी प्रमुख याजकाच्या वाड्यातल्या दासीच्या तोंडून सांगते, कारण शेकोटीच्या उजेडात पेत्राला पहिल्यांदा ओळखते ती. मत्तयाच्या शुभवर्तमानात पुढे लोक म्हणतात, तुझ्या बोलण्यावरूनच कळतंय. पेत्र गालीलचा, उभा आहे यरुशलेमेत. आपण इंदूरकर पुण्यात ‘काय करून राहिलाय?’ म्हणालो की समोरच्याला लगेच कळतं, हा तिकडचा. म्हणून माझा पेत्र इंदुरी मराठीत बोलतो आणि बाकीचे प्रमाण मराठीत. रामबागेतल्या, म्हणजे इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीतल्या, आजीआजोबांना ती भीती समजावून सांगावी लागत नाही.

तंत्र शिकायला परदेशी व्हिडिओंपेक्षा कीर्तन ऐका. कीर्तनकार दोन वाक्यांपुरता पात्र होतो आणि लगेच स्वतःकडे परत येतो; एकपात्रीला नेमकं तेच लागतं. ही वाट मराठीला नवी नाही. गोव्यातले इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचं, बायबलची गोष्ट सांगणारं ख्रिस्तपुराण 1616 साली छापलं गेलं, तेही ओवीत. पुढे अहमदनगरकडच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनातून बायबल सांगितलं. आपल्याकडचं हे धन रंगमंचावर फार कमी येतं, याची मला मनापासून खंत आहे. वेषाला साधा कुडता आणि एक उपरणं पुरतं. तेच योनाच्या जहाजाचं शीड, तेच दासीचा पदर.

आता व्यवहाराचं. प्रचलित मराठी अनुवादांना प्रताधिकार असतो, तेव्हा उतारे शब्दशः घ्यायचे तर प्रकाशकाची लेखी परवानगी मागा, नाहीतर गोष्ट आपल्या भाषेत लिहा. कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तकं, प्रोटेस्टंटांच्या 66. शत्रूच्या सेनापतीला मारणाऱ्या यहूदीथची कथा एकपात्रीला सोन्यासारखी आहे, पण ती प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही. कोणत्या मंडळींसमोर करताय हे बघून निवडा. मध्य प्रदेशात धर्मांतरविषयक कायदा 1968 पासून आहे, आताचा 2021 चा. नाटकाला त्याची आडकाठी नाही, तरी पत्रकावर स्पष्ट ‘नाट्यप्रयोग’ लिहा, संहितेची प्रत सभागृहाकडे आधीच द्या आणि त्याला प्रार्थनासभा जोडू नका. इथल्या ख्रिस्ती कुटुंबांत हिंदी बोलणारे बरेच. नाताळच्या सुमारास प्रयोग हवा असेल तर हिंदी संहिताही तयार ठेवा.

प्रेक्षक मात्र मिश्र मिळवा. सानंद या इथल्या संस्थेनं आणलेल्या नाटकांवर वाढलेला इंदूरचा मराठी प्रेक्षक जाणता आहे. बायबल न वाचलेला असला तरी गोष्ट कुठे सैल पडली ते त्याला बरोबर कळतं. पहिला प्रयोग मोठ्या नाट्यगृहात नको. कुणाच्या तरी दिवाणखान्यात तीसेक माणसं बसवा, माईक नको, चहा नंतर. संपल्यावर ‘कसं वाटलं?’ विचारू नका, सगळे छानच म्हणतात. गोष्ट पहिल्यांदाच ऐकणाऱ्या एखाद्याला ती परत सांगायला लावा आणि तो कुठे अडतो ते लिहून घ्या. पुढची तालीम तिथून सुरू करा.